मुंबई विमानतळाजवळच्या हॉटेलात पहिल्यांदा राहताना

लातूर, जळगाव, सांगली, चंद्रपूर इथून मुंबईला येऊन विमान पकडणारी कुटुंबं आता गावोगावी आहेत. कुणाची मुलगी जर्मनीला शिकायला निघते, कुणी आखातात नोकरीवर रुजू होतो, कुणाला कंपनी दोन दिवसांसाठी दिल्लीला पाठवते. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि देशातली पुष्कळ विमानं पहाटे. रात्रभर बसने येऊन थेट विमानतळावर ताटकळत बसण्यापेक्षा जवळच्या एखाद्या बिझनेस हॉटेलात रात्र काढणं हा पूर्ण प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पैशांत आपण दोन गोष्टी विकत घेतो: काही तासांची झोप आणि वेळेवर पोहोचण्याची खात्री. हॉटेलचे तारे, पोहण्याचा तलाव, लॉबीतलं झुंबर हे त्यानंतर. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी तिकीट नीट वाचा

हॉटेल शोधायला बसण्यापूर्वी तिकिटावरच्या तीन गोष्टी कागदावर उतरवा: तारीख, विमानतळ आणि टर्मिनल.

तारखेचा घोळ सर्वांत जास्त होतो. समजा तिकिटावर १५ मार्च, ०२:१० असं लिहिलं आहे. म्हणजे आपल्या बोलण्यातली १४ तारखेची रात्र. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं, तेव्हा १४ मार्चला रात्री अकराच्या सुमारास तुम्ही विमानतळाच्या दारात असायला हवं. हॉटेल मात्र खोली देतं दुपारी दोन किंवा तीन वाजल्यापासून. १५ तारखेची खोली घेतलीत, तर ती तुमच्या ताब्यात येईल तेव्हा विमान केव्हाच उडून गेलेलं असेल. खोली १४ तारखेची हवी. इतकंच नाही, तुम्ही रात्री साडेदहालाच निघणार असाल तर पूर्ण दिवसाचं भाडं भरायचीही कदाचित गरज नाही. विमानतळाजवळची पुष्कळ हॉटेलं दिवसाच्या काही तासांसाठी खोली देतात. त्याला ‘डे यूज’ म्हणतात. फोनवर हाच शब्द वापरून विचारा, कारण बुकिंगच्या ॲपवर हा दर बहुधा दिसत नाही.

येताना हेच उलट होतं. विमान १५ तारखेला पहाटे तीनला उतरणार असेल आणि लगेच खोली हवी असेल, तर बुकिंग १४ तारखेचं करावं लागतं. ते केल्यावर हॉटेलला फोन करून ‘पाहुणे मध्यरात्रीनंतर पोहोचतील’ हे सांगा आणि विमानाचा क्रमांक नोंदवून ठेवायला लावा. हे न कळवल्यास रात्री उशिरा तुम्हाला ‘नो-शो’, म्हणजे न आलेला पाहुणा, धरून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट विमानतळाची. मुंबईच्या भागात आता दोन विमानतळ आहेत. अंधेरी–सांताक्रूझचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, ज्याचा तिकिटावरचा कोड बीओएम. आणि उलवे–पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. त्याचा कोड एनएमआय. विमान नवी मुंबईहून असेल तर अंधेरीला राहण्यात काहीच अर्थ नाही. पनवेल, खारघर, बेलापूर, वाशी इथे हॉटेल बघा. पुणे, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्यांना तर ते सोयीचंच आहे, मुंबईत शिरायची गरज राहत नाही.

तिसरी गोष्ट टर्मिनलची. जुन्या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत आणि त्यांच्यात रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. टर्मिनल १ विलेपार्ले–सांताक्रूझच्या बाजूला, तिथून फक्त देशांतर्गत विमानं. टर्मिनल २ सहारला, २०१४ मध्ये सुरू झालेलं. तिथून सगळी आंतरराष्ट्रीय आणि बरीच देशांतर्गत विमानंही सुटतात. ‘देशातलं विमान म्हणजे टर्मिनल १’ हा जुना हिशोब आता चालत नाही. इंडिगोची विमानं तर दोन्हीकडून जातात. तिकिटावर ‘टी १’ किंवा ‘टी २’ असं छापलेलं असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या ॲपवर ते पुन्हा एकदा बघा.

हॉटेल कुठे घ्यायचं

‘विमानतळापासून एक किलोमीटर’ असं ॲपवर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सरळ रेषेतलं अंतर असतं. मधे धावपट्टी असली की त्या एक किलोमीटरसाठी मोठा वळसा पडतो. कलिना किंवा कुर्ल्याच्या बाजूचं हॉटेल नकाशावर टर्मिनल २ ला चिकटलेलं दिसतं. प्रत्यक्षात गाडी पूर्ण विमानतळाला फेरी मारून जाते. म्हणून नकाशावर हॉटेल ते टर्मिनल असा गाडीचा रस्ता टाका, आणि तोही तुम्ही ज्या वेळी निघणार त्या वेळेसाठी.

टर्मिनल २ साठी सहार रोड, मरोळ, चकाला आणि जे. बी. नगर हे भाग चांगले. साकीनाकाही जवळ आहे आणि तिथे स्वस्त हॉटेलं खूप आहेत, पण संध्याकाळी सहा ते नऊ-साडेनऊ अंधेरी–कुर्ला रोडवर आणि साकीनाक्याच्या चौकात गाड्या तुंबतात. तुमची निघायची वेळ तीच असेल तर साकीनाका टाळा. पहाटे चारला निघणार असाल तर बिनधास्त घ्या. टर्मिनल १ साठी विलेपार्ले पूर्व, नेहरू रोड आणि सांताक्रूझ पूर्वेचा पट्टा. विठ्ठल कामत यांचं ऑर्किड, ताज सांताक्रूझ, जिंजर ही याच बाजूची. सहारकडे लीला, आयटीसी मराठा, जेडब्ल्यू मॅरियट अशी मोठी नावं आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मध्यम दराची बरीच.

माझा एक आग्रह आहे: रेल्वेमार्गाच्या पूर्वेलाच राहा. अंधेरी पश्चिम, विलेपार्ले पश्चिम, जुहू इथली हॉटेलं फोटोत छान दिसतात, पण दोन्ही टर्मिनल पूर्वेला आहेत आणि मधे रूळ ओलांडायचे असतात. पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी भरलं की तो वाहतुकीला बंद करतात, मग सगळी गर्दी उड्डाणपुलांवर येते. जून ते सप्टेंबरमध्ये विमान असेल तर या एका कारणासाठी हजार रुपये जास्त मोजायला लागले तरी मोजावेत. विमानतळाच्या आवारातूनच मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ च्या पुरात विमानतळ बंद ठेवावा लागला होता, हे त्या वेळी मुंबईत असलेल्या कुणालाही विचारा.

बुकिंग करताना

ॲपवर दर बघा, आणि नंतर हॉटेलला थेट फोन करा. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. गूगलवर शोधताना सगळ्यात वर आलेला ‘कस्टमर केअर’ नंबर कधीकधी ठगांचा असतो आणि तो माणूस आगाऊ पैसे मागतो. फोनवर विचारायच्या गोष्टी अशा: विमानतळावर सोडायला गाडी आहे का, ती फुकट की पैसे देऊन, आणि रात्रीही चालते का? बुकिंग रद्द केलं तर पैसे कधीपर्यंत परत मिळतात? नाश्ता किती वाजता सुरू होतो? सामान ठेवायची सोय आहे का?

मुंबईत किंवा ठाण्यात राहणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र चालेल का? काही हॉटेलं त्याच शहरातला पत्ता असलेल्या पाहुण्यांना खोली देत नाहीत. असा कुठला कायदा नाही, तो त्या त्या हॉटेलचा नियम असतो, पण रात्री दहा वाजता बॅगा घेऊन काउंटरवर उभं असताना वाद घालून उपयोग होत नाही.

दरात करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. त्यामुळे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांचा फरक बाराशेपर्यंत जातो. दर या उंबरठ्याजवळ असेल तर थोडी घासाघीस करून बघाच.

ओळखपत्रं

खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पॅनकार्डावर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. आई-वडील सोडायला आले असतील आणि रात्री त्याच खोलीत झोपणार असतील, तर त्यांचंही मूळ कार्ड सोबत हवं. गावाहून निघताना हे हमखास विसरलं जातं.

आधारची झेरॉक्स द्यायची नसेल तर आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. तुमच्यासोबत परदेशी पासपोर्टवाला कुणी असेल, अगदी अमेरिकेत जन्मलेला नातू असला तरी, त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) दाखवावं लागतं. परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलला २४ तासांच्या आत सरकारकडे करायची असते, त्यामुळे रिसेप्शनवर थोडा जास्त वेळ लागला तर वैतागू नका.

हॉटेलपर्यंत पोहोचणं

दिवसा येत असाल तर मेट्रोइतकी चांगली सोय दुसरी नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई सेंट्रल किंवा दादरला गाडीतून उतरलात तर तिथून गाडी न बदलता टर्मिनल १, सहार रोड, टर्मिनल २ किंवा मरोळ नाका या स्थानकांवर उतरता येतं. मरोळ नाक्याला घाटकोपर–वर्सोवा मेट्रोही मिळते, तिने चकाला आणि साकीनाका. स्थानकांवर लिफ्ट आहेत, मोठ्या बॅगा असल्या तरी जमतं. गर्दीच्या वेळी बॅगा घेऊन लोकलमध्ये मात्र चढू नका. रात्री उशिरा मेट्रो बंद असते हे लक्षात ठेवा.

रिक्षा-टॅक्सीला मध्यरात्र ते पहाटे पाच २५ टक्के जास्त भाडं असतं, ते नियमाप्रमाणेच आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं रिक्षाला २६ रुपये आणि काळी-पिवळीला ३१ रुपये. विमानातून उतरून जवळच्या हॉटेलात जायचं असेल तर चालक जवळचं भाडं नाकारतात. अशा वेळी इमारतीच्या आतल्या प्रीपेड काउंटरवरून पावती घ्या. बाहेर ‘साहेब, हॉटेल हवंय का?’ म्हणत येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, आणि ‘तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरं दाखवतो’ असं सांगणाऱ्याच्या तर मुळीच नाही. हॉटेलला तिथूनच फोन लावा.

रिसेप्शनवर

खोलीचं भाडं भरलेलं असलं तरी काउंटरवर कार्ड मागतात. ही अनामत असते. तुम्ही खोलीतलं काही वापरलंत तर त्यातून कापायची. डेबिट कार्डावर ही रक्कम घेतली की ती परत जमा व्हायला काही दिवस लागू शकतात. विद्यार्थ्याच्या खात्यात जेमतेम पैसे असतील तर क्रेडिट कार्ड द्या, किंवा रोख चालते का ते विचारा.

खोली मागताना दोन गोष्टी सांगा: ‘वरच्या मजल्यावर, धावपट्टीच्या विरुद्ध बाजूला द्या’ आणि ‘लिफ्टपासून लांब’. मुलं विमानं बघायला हट्ट करतील, पण झोप हवी असेल तर मागची बाजू बरी. चांगल्या हॉटेलांत दुहेरी काचा असतात, तरीही फरक पडतो.

कंपनीच्या कामासाठी राहत असाल तर जीएसटी नंबर आणि कंपनीचं नाव याच वेळी नोंदवा. बिल निघाल्यावर नाव बदलणं हॉटेललाही कटकटीचं जातं आणि पुष्कळदा ते करतच नाहीत. मुंबईतल्या हॉटेलचा कर महाराष्ट्राचा असतो, त्यामुळे कंपनीचा महाराष्ट्रातला नंबर असेल तर तोच द्या.

खोलीत गेल्यावर

दाराचं कार्ड आत भिंतीवरच्या खाचेत घातल्याशिवाय दिवे आणि एसी चालू होत नाहीत. कार्ड काढलं की थोड्या वेळाने सगळं बंद होतं, म्हणजे मोबाइलचं चार्जिंगसुद्धा. खोलीत माणसं जास्त असतील तर दुसरं कार्ड मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी लिफ्टही कार्ड लावल्याशिवाय हलत नाही.

टेबलावरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, चहा-कॉफीची पाकिटं, साबण, शाम्पू हे भाड्यातच येतं. छोट्या फ्रिजमधल्या आणि त्याच्यावर मांडलेल्या चॉकलेट, काजू, शीतपेयांचे वेगळे पैसे लागतात. जवळच दरपत्रक असतं. आजीला आणि लहान मुलांना हे आत गेल्या गेल्या सांगून ठेवा. इस्त्री खोलीत नसेल तर फोनवरून मागवता येते, तिचे पैसे नसतात. कपडे इस्त्रीला दिलेत तर मात्र भरपूर बिल येतं.

न्हाणीघरात काचेचा कप्पा असेल तर दार लावून अंघोळ करा, पाणी बाहेर आलं की फरशी निसरडी होते. नळाची एकच दांडी डावीकडे-उजवीकडे फिरवायची असते. आधी गार पाणी सोडून मग हळूहळू गरमकडे न्या. मुंबईतल्या हॉटेलांत पाणी कधीकधी फारच कढत येतं.

दाराच्या मागे आग लागल्यास बाहेर पडायचा नकाशा असतो. तो बघा आणि जिना कुठे आहे ते स्वतः एकदा चालून पाहा. रात्री आतून कडी किंवा साखळी लावा. ‘साहेब, हाउसकीपिंग’ (खोलीची साफसफाई) म्हणत कुणी आलं आणि तुम्ही बोलावलेलं नसेल, तर रिसेप्शनला फोन करून खात्री करा. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगतो. खोली क्रमांक लॉबीत मोठ्याने कुणी उच्चारला तर दुसरी खोली मागायला संकोच करू नका.

बॅगांची शेवटची आवराआवर इथेच करून घ्या. बेल डेस्कवर, म्हणजे लॉबीत बॅगा उचलणाऱ्यांच्या टेबलापाशी, बहुधा वजनकाटा असतो, तो मागा. विमानतळावर जास्तीच्या वजनाचे पैसे भरण्यापेक्षा इथे दोन साड्या कमी करणं परवडतं. लोणच्याच्या बरण्या आणि ओले मसाले मोठ्या बॅगेत जायला हवेत. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते घेत नाहीत. आपल्याकडे मुलीला परदेशी पाठवताना गोडा मसाला आणि खोबरं बांधून द्यायची पद्धत आहे, आणि काउंटरवर शेवटच्या क्षणी ते काढून ठेवावं लागतं तेव्हा फार वाईट वाटतं. मसाल्यात भाजून, वाटून दिलेलं ठीक.

खाणं

हॉटेलातलं जेवण महाग असतं. जवळच्या उपाहारगृहातून मागवता येतं, पण पार्सल बहुधा लॉबीतून स्वतः आणावं लागतं. विमानाच्या आदल्या रात्री मी साधं खायला सांगेन, वरण-भात, दही-भात असलं काही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात फोन करून ‘कमी तिखट’ सांगितलं की करून देतात. लहान मुलाचं दूध गरम करून द्यायलाही नाही म्हणत नाहीत.

नाश्ता भाड्यात धरलेला असेल आणि तुम्ही पहाटे चारला निघणार असाल तर तो वाया घालवू नका. आदल्या संध्याकाळीच ‘पॅक्ड ब्रेकफास्ट’ सांगा. सँडविच, केळं, ज्यूस असा डबा निघताना हातात देतात. उपास असेल तर तेही तेव्हाच कळवा.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच असा आकार परस्पर लावायला मनाई केली होती, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. वाढप्याला खुशीने काही द्यायचं असेल तर हातात द्या.

निघताना

वेळ विमानापासून उलटी मोजा. विमान ०२:१०. विमान कंपनीचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणजे ०१:१०. रांगा धरून ११ वाजता दारात. गाडीला अर्धा तास. म्हणजे साडेदहाला लॉबीत, बॅगा खाली आलेल्या आणि बिल भरलेलं.

बिल मात्र निघताना भरू नका, जेवल्यावरच भरून टाका. मध्यरात्रीनंतर कधीतरी हॉटेलं दिवसाचा हिशोब बंद करतात, त्याला ‘नाइट ऑडिट’ म्हणतात, आणि त्या वेळात संगणकावर बिल निघायला उशीर होतो. त्यातच काउंटरवर एकच माणूस असतो. पहाटे निघणाऱ्यांनी रात्री दहालाच बिल तपासून, पैसे देऊन, पावती घेऊन ठेवावी. सकाळी फक्त कार्ड परत करायचं.

उठवायचा फोन रिसेप्शनला सांगा, आणि स्वतःचा गजरही लावा. शटलची, म्हणजे पाहुण्यांना एकत्र विमानतळावर सोडणाऱ्या हॉटेलच्या गाडीची, जागा आदल्या रात्री नोंदवावी लागते. एकाच वेळी चार विमानांचे प्रवासी असले की ती भरते. ॲपवरची टॅक्सी पहाटे मिळते, पण पावसात रद्द होऊ शकते, म्हणून हॉटेलच्या गाडीचा दर विचारून ठेवलेला बरा. चालकाला ‘एअरपोर्ट’ एवढंच सांगू नका, ‘टी टू, डिपार्चर’ असं पूर्ण सांगा.

सोडायला आलेल्यांना टर्मिनलच्या दारातून आत जाता येत नाही. दारावर सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात. त्यामुळे कुटुंबाने पाठीमागे हॉटेलातच राहायचं का, हे आधी ठरवा. खोलीचं भाडं दुसऱ्या दिवशी अकरा-बारापर्यंतचं असतं. आई-वडिलांनी परत येऊन निवांत झोपावं, सकाळी नाश्ता करावा आणि मग गावची गाडी पकडावी. फक्त खोली त्यांच्याही नावावर नोंदलेली हवी आणि एक कार्ड त्यांच्याकडे हवं.

काही खोलीत राहिलं, बहुतेक वेळा चार्जर किंवा चष्मा, तर हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून खोली क्रमांक आणि तारीख सांगा. सापडलेल्या वस्तू हाउसकीपिंगकडे नोंद करून ठेवलेल्या असतात आणि कुरिअरचा खर्च दिला की घरी पाठवतात. पासपोर्ट राहिला असेल तर मात्र टॅक्सीतूनच फोन करा, हॉटेलचा माणूस तो टर्मिनलच्या दारापर्यंत आणून देईल का विचारा. जवळचं हॉटेल घेतलेलं असेल तर वेळेत येऊ शकतो.